गोळीला विश्रांती

६ जानेवारी

धाकट्या,

तू फोन उचलत नाहीस म्हणून कागद घेतला आहे. नंबर फिरवतो, घंटी वाजत राहते, मग ती बाई बोलते की थोड्या वेळाने प्रयत्न करा. इतक्या वेळा ऐकली की तिच्याशीच ओळख झाल्यासारखं वाटतं. निदान ती बोलते तरी.

काळजीचं काही नाही. मी बरा आहे, दुकानही बरं चाललंय. लिहायचं कारण एवढंच की मागच्या महिन्यात तुझं पार्सल आलं नाही. पोस्टात जाऊन विचारलं. तिथला माणूस म्हणाला, "आजोबा, आलं नाही म्हणजे पाठवलं नसेल." मी म्हटलं, माझा भाऊ औषधाच्या दुकानात काउंटरवर उभा असतो, वेळच्या वेळी देणं हाच त्याचा धंदा, तो विसरेल कसा. वाटेत गहाळ झालं असेल. गोळ्या तू पावडरच्या डब्यात घालून पाठवतोस, कोणाला तरी पावडर हवी असेल. तर पुन्हा एकदा पाठव. दोन पट्ट्या जास्त टाकल्यास तर तुलाही सारखा त्रास नाही.

डॉक्टरांनी सांगितली आहे तेवढीच घेतो. रोज एक. जास्त नाही.

तू फोनवर जे बोललास ते मी मनावर घेतलेलं नाही. मी म्हणालो की तू माझा भाऊच नव्हेस, ते तूही घेऊ नकोस. घाबरलेल्या माणसाच्या बोलण्याला काय अर्थ असतो?

तुझी वहिनी आजारी पडली तेव्हापासून, आणि ती गेल्यावर तर जास्तच, छातीत जे सुरू होतं ते तुला माहीत आहे. घराला कुलूप लावून निघतो, कोपऱ्यापर्यंत पोचत नाही तोच वाटतं की लावलंच नाही. परत येऊन ओढून बघतो. मग गॅस आठवतो. मग नळ. कधीकधी दुकान उघडायला इतका उशीर होतो की शिट्टी पायरीवर बसलेला असतो. शिट्टी म्हणजे माझ्याकडचा दुसऱ्या खुर्चीचा कारागीर. दिवसभर शिट्टी वाजवत केस कापतो म्हणून गिऱ्हाइकांनीच नाव ठेवलं. परवा म्हणाला, "काका, दाढ्या माझ्याकडे द्या, तुम्ही केस कापा." मी म्हटलं, तू जन्मला नव्हतास तेव्हापासून मी दाढ्या करतोय. हाताला काही झालेलं नाही. थंडीचा जरा गारठतो.

सूनबाईंना विचारलं म्हणून सांग. धाकट्या दिराची बायको म्हणजे सूनच, हे तुझ्या वहिनीचं म्हणणं मी अजून चालवतो.

तुझा
दादा


१९ जानेवारी

धाकट्या,

उत्तर नाही. पत्र पोचलं असेल असं धरून चालतो. घराचा नंबर सतराच ना? की एकाहत्तर? पाकीट पेटीत टाकलं आणि हा विचार आला. पेटीत हात घालून बघितला, जात नाही. एक बाई थांबून माझ्याकडे बघायला लागली तेव्हा तिथून निघालो. पत्ते तुझी वहिनी लिहायची, मी नुसता तिकीट चिकटवणारा.

मागच्या पत्रात रोज एक गोळी लिहिली ते खरं नाही. सकाळी दोन घेतो. दुपारी एक. गिऱ्हाईक नवं असेल तर आणखी एक. आता लिहिलंच आहे तर सगळं लिहितो.

पहिली गोळी मला अजून आठवते. डॉक्टरांनी अर्धीच सांगितली होती. जुना पंखा घरघरत असतो, इतका रोजचा की आपल्या कानाला कळतही नाही, आणि एकदम वीज गेली की काय ती शांतता. तसं झालं. त्या दिवशी हात लोण्यावरून फिरावा तसा फिरला. एक गिऱ्हाईक दाढी करता करता खुर्चीतच घोरायला लागलं. कुलूप एकदा लावलं आणि सरळ चालत गेलो.

मग काही दिवसांनी अर्धीने पंखा नुसता हळू व्हायला लागला. थांबेना. म्हणून एक. एकीने महिना-दोन महिने काढले, मग तिचंही तेच. प्रत्येक वेळी वाटायचं की हीच शेवटची वाढ. तू फोनवर म्हणालास, "दादा, शरीर सरावतं रे. उद्या मूठभर घेतल्यास तरी पहिल्या दिवसासारखं वाटणार नाही." मी तुला नाही नाही ते बोललो. पण तू सांगितलंस तेच माझं चाललंय. आता चार घेतल्या तरी पंखा फिरतोच. नाही घेतल्या तर दुप्पट जोराने फिरतो. बरं वाटावं म्हणून घेण्याचे दिवस गेले, आता वाईट वाटू नये म्हणून घेतो.

तुझं पार्सल येईना तेव्हा रस्त्याच्या टोकाच्या औषधवाल्याकडे गेलो. काउंटरवर एक मुलगी होती. चिठ्ठी मागितली. मी दिली.

"आजोबा, ही तीन वर्षांपूर्वीची आहे."

"हो, जपून ठेवली आहे."

"आणि पंधरा दिवसांसाठी लिहिलेली आहे."

"मग? सोळाव्या दिवसापासून मी काय उपाशी बसू?"

ती हसली नाही. म्हणाली, डॉक्टरांना भेटून या. मी तिला सांगितलं की माझ्यासाठी नकोत, शेजाऱ्यांसाठी हव्या आहेत. तर म्हणते, मग शेजाऱ्यांनाच पाठवा. माझ्या मागे रांग होती. सगळे जण माझ्या मानेकडे बघत होते. तुझ्या दुकानात असा कोणी म्हातारा आला तर त्याला बाकड्यावर बसवून पाणी तरी विचार.

माझ्याकडे आता पाचच पट्ट्या आहेत. त्यातली एक अर्धीच. दया येत नसेल तर राग म्हणून पाठव, पण पाठव.

दादा


२ फेब्रुवारी

धाकट्या,

आज मनाने मोकळा आहे. तुझं पार्सल आलं नाही त्याचाही राग गेला. मला उपाय सापडलाय आणि तो माझ्याच खणात होता.

हल्ली सगळे पातं बदलायचा वस्तरा वापरतात. शिट्टीही तोच वापरतो. पण जुन्या गिऱ्हाइकांसाठी मी अजून धारेचे वस्तरे ठेवले आहेत. मला शिकवणारे उस्ताद म्हणायचे, वस्तरा थकतो. रोज तोच चालवला की मग चामड्याच्या पट्ट्यावर कितीही घास, तो केस कापायच्या ऐवजी ओढायला लागतो. अशा वेळी त्याच्यावर जोर करायचा नाही. पुसायचा, तेलाचं बोट लावायचं, फडक्यात गुंडाळून आठवडाभर खणात ठेवायचा. आणि मग काढून बघ, पहिल्या दिवसासारखा. मी हे आयुष्यभर केलंय. लोखंडाला विश्रांती लागते. मग गोळीला का नको?

माझी चूक ती हीच. ती थकली होती आणि मी एकीवर एक वाढवत गेलो. थकलेल्या वस्तऱ्यावर जोर करणारा कारागीर आणि मी, दोघे सारखेच. कालपासून गोळी बंद केली आहे. उरलेली पट्टी फडक्यात गुंडाळून वस्तऱ्यांशेजारी ठेवली. आठवड्याने काढीन तेव्हा तिला धार चढलेली असेल आणि मला अर्धी पुरेल. मग तुझीही काळजी मिटली आणि माझीही. अर्ध्या अर्ध्या गोळीला तू नाही म्हणणार नाहीस, हे मला माहीत आहे.

कुलूपवाल्याला सांगितलं. समोरच्या टपरीत बसतो, किल्ल्या करतो, एक दिवसाआड माझ्याकडे दाढी. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "आमच्यात उलटं आहे बाबा. कुलूप आठवडाभर पडून राहिलं तर गंजतं." मी म्हटलं, तुझा धंदा वेगळा, माझा वेगळा. तो म्हणाला, "आणि डॉक्टरचा तिसराच. त्याला विचार की."

डॉक्टरला काय विचारायचं? तो म्हणेल घेऊ नका. मी घेतच नाहीये.

दादा


५ फेब्रुवारी

धाकट्या,

अक्षर वाईट आलंय, समजून घे. धार चढायला लागली आहे, त्याचा हा त्रास असणार.

कात्रीचा आवाज सहन होत नाही. शिट्टीला शिट्टी बंद कर म्हटलं, तो म्हणाला, काका, मी मगापासून गप्प आहे. खिडकीतलं ऊन डोळ्यात खुपतं. अंगावर कापलेले केस पडल्यासारखं वाटतं, झटकायला जातो तर काही नसतं. सकाळी चहाचा कप तोंडापर्यंत नेताना निम्मा शर्टावर. दुपारी बशीतून प्यायलो तर ती दातांवर वाजली.

खण उघडून बघावासा वाटतो. फक्त बघायला. नाही उघडला.

तू असतास तर नुसता बसला असतास तरी चाललं असतं. बोलला नसतास तरी.

आता कुलूपवाला येईल, त्याची दाढी आज आहे. शिट्टीला मी सांगितलंय, हे गिऱ्हाईक माझं आहे.

दादा


१ मार्च

धाकट्या,

हे अक्षर माझं नाही. कुलूपवाला लिहितोय, मी सांगतोय. मला थोडंसं बरं नव्हतं, आता चांगला आहे.

(मी कुलूपवाला. थोडंसं वगैरे नाही. म्हातारा खुर्चीशेजारी आडवा झाला आणि अंग ताठ होऊन आपटायला लागलं. तुमच्या भावाला फेफरं आलं होतं. मी पुढचं लिहितो, तो काय सांगतोय ते मागाहून.)

त्याला म्हटलं होतं की जे सांगीन तेवढंच लिही. लिहू दे आता.

(माझ्या गळ्याला साबण लावलेला. डोळे मिटलेले. वस्तरा कानाखाली टेकला आणि तिथेच थांबला. मी म्हटलं, काय रे, झोपलास का? डोळे उघडले तर याची नजर कुठल्या कुठे. मी मनगट धरलं. त्याच क्षणी तो कोसळला. वस्तरा काही सुटेना. शिट्टीने खांदे धरले, मी बोटं एक एक करून सोडवली. आयुष्यभर लोकांची कुलपं उघडली, पण याच्या मुठीइतकं वाईट कुलूप बघितलं नाही. मला कानाखाली एवढासा ओरखडा आला आहे. लोकांना सांगतो मांजराने काढला.)

मी त्याची माफी मागितली आहे. तो म्हणतो, माफी राहू दे, उरलेली अर्धी दाढी कधी करतोस?

इस्पितळात मला पुष्कळ दिवस ठेवलं. डॉक्टरीणबाई आपल्या सूनबाईंच्या वयाच्या. त्यांना मी वस्तऱ्याचं सांगितलं. वाटलं, हसतील. त्या पलंगावर बसल्या आणि म्हणाल्या, "काका, गोळी थकलेली नाही. ती पहिल्या दिवशी होती तशीच आहे. बदललात ते तुम्ही." मला कळलं नाही. मग त्यांनी मला उठवून वॉर्डच्या दारापाशी नेलं. म्हणाल्या, हे दार ढकला. मी ढकललं, त्यांनी पलीकडून ढकललं. दार जागचं हलेना. म्हणाल्या, "मी म्हणजे गोळी. तीन वर्षं मी तुमची भीती पलीकडे ढकलतेय आणि तुमचं डोकं तेवढाच जोर उलटा लावायला शिकलंय. मी जोर वाढवला की तेही वाढवणार. म्हणून गोळ्या वाढत गेल्या आणि फरक काही पडेना. बरोबर?" मी हो म्हटलं. "आणि आता मी एकदम बाजूला झाले तर?" मी म्हटलं, मी तोंडावर आपटीन. "तेच झालं तुमचं," त्या म्हणाल्या.

विश्रांती द्यायची नसते. त्यांनी गोळी पुन्हा चालू केली आहे आणि ती थोडी थोडी उतरवायची, इतकी थोडी की डोक्याला पत्ता लागू नये. कित्येक महिने लागतील. घाई केली तर पुन्हा तेच. आणि उतरत्या वेळी कंटाळून एकदम जुन्याइतक्या घेतल्या तर त्याहून वाईट, कारण तोवर सवय गेलेली असेल. पट्टी माझ्याकडे ठेवायची नाही. दर आठवड्याला इस्पितळात जाऊन आणायच्या, मोजून देतात.

मला हे जमेलसं वाटत नाही. तुला खरं सांगतो, त्या दार सोडून निघून गेल्या तेव्हा मी दाराला हात लावून तसाच उभा राहिलो.

(तो हे सांगताना रडत नव्हता. नुसता भिंतीकडे बघत होता. तुम्ही एकदा येऊन जा. मी शेजारी नाही, नातेवाईक नाही, फक्त गिऱ्हाईक आहे. माझं किती ऐकणार तो?)

दादा


२२ एप्रिल

धाकट्या,

तुझं पत्र आलं. दुकानात पोस्टमन आला तेव्हा माझे हात साबणाचे होते, शिट्टीने पाकीट फोडून माझ्यासमोर धरलं आणि स्वतः आरशाकडे तोंड करून उभा राहिला. चांगला मुलगा आहे.

तू लिहिलंस की फोन उचलला असता तर माझा आवाज ऐकून पुन्हा पाठवल्या असत्या, म्हणून उचलला नाही. हे मला सुचलंच नव्हतं. मी समजत होतो तू रागावला आहेस. घंटी वाजायची तेव्हा तू शेजारीच बसलेला असायचास आणि सूनबाई म्हणायच्या, उचला, निदान उचला, हे वाचून मी पत्र घडी करून ठेवलं. आपण दोघंही एकाच घंटीजवळ बसलो होतो म्हणायचं.

पण तू हे जे लिहिलंस की तीन वर्षं तूच मला विष पुरवलंस, ते मला मान्य नाही. मी मागत होतो. मागणारा मोठा भाऊ आणि देणारा धाकटा, त्यात तुझं किती चालणार? तुझ्या दुकानात कमी भरलेल्या गोळ्यांची चौकशी चालू आहे, नोकरी जाऊ शकते, म्हणून इतके दिवस आला नाहीस, तेही समजलं. चौकशी संपू दे. मी इथेच आहे.

गोळी उतरते आहे. फार हळू. प्रत्येक वेळी कमी केली की आठवडाभर जीव नकोसा होतो, मग जरा थारा मिळतो आणि तोवर पुढची वेळ येते. कुलूप अजून तीनदा ओढून बघतो. कुलूपवाल्याने मला नवं कुलूप दिलं, लावलं की किल्ली बाहेर येते, नाही लावलं तर येतच नाही. म्हणाला, "किल्ली हातात असली की विषय संपला." मी आता किल्ली हातात घेऊन कोपऱ्यापर्यंत जातो आणि कोपऱ्यावर किल्ली बघतो. कधीकधी तरीही परत येतो. पण कधीकधीच.

दाढ्या शिट्टीकडे दिल्या. मी मुलांचे केस कापतो. मुलं आधीच हलतात, त्यांच्यात माझा हात उठून दिसत नाही.

दादा


१७ जून

धाकट्या,

एक घडलं ते तुलाच सांगायचं आहे. दुसऱ्या कोणाला काय सांगणार?

काल दुपारी दुकानात एक बाई आल्या, नातवाला घेऊन. मी ओळखलं नाही, त्यांनी मला ओळखलं. आपल्या जुन्या गल्लीत वरच्या मजल्यावर राहायच्या, पुढे मुलाकडे लांब गेल्या, आत्ता परत आल्या. नातू खुर्चीत चढला, मी त्याच्या गळ्याभोवती कापड बांधत होतो. त्या सहज म्हणाल्या, "आणि आमच्या मैत्रीणबाई कशा आहेत? अजून तसंच भांडून भाव करतात का?"

मी म्हटलं, "ती गेली."

धाकट्या, हे मी तीन वर्षांत कितीदा म्हटलं असेल. बँकेत म्हटलं, नळवाल्याला म्हटलं, मतदारयादीवाल्याला म्हटलं. पत्ता सांगावा तसं सांगायचो. काल ते तोंडातून निघालं आणि मला ऐकू आलं. दुसऱ्या कोणीतरी येऊन मला सांगावं तसं. ती गेली. कधी? कशी? मी तिथे होतो का?

कापडाची गाठ हातात तशीच राहिली. मग काय झालं ते मला नीट सांगता येत नाही. मी शेजारच्या रिकाम्या खुर्चीत बसलो आणि जो आवाज निघायला लागला तो माझा आहे हे मला थोड्या वेळाने कळलं. मूल घाबरलं. त्या बाई त्याला जवळ घेऊन उभ्या राहिल्या. शिट्टीने माझी खुर्ची मागे टेकवली, दाढीनंतर ठेवतो तसा गरम टॉवेल पिळून माझ्या तोंडावर ठेवला, डोळ्यांसकट. आत मला पाहिजे तेवढं रडता आलं.

बाहेर पायऱ्यांवर कोणीतरी चढल्याचा आवाज आला. गिऱ्हाईक असावं. शिट्टी म्हणाला, "आज दुकान बंद आहे."

"का रे? उघडं तर दिसतंय."

"घरातलं माणूस गेलंय."

"अरेरे. कधी?"

शिट्टीने माझ्या तोंडावरचा टॉवेल नीट केला. मग म्हणाला, "आत्ताच."

टॉवेलाखाली मी ते ऐकलं.

तिला नेलं त्या दिवशी तू अंगणात बसून लहान मुलासारखा रडलास. तिने तुला वाढवलं होतं. मी तुझ्या पाठीवर हात ठेवून म्हणालो, पुरे आता, आणि लोक म्हणाले, थोरला किती खंबीर. मी खंबीर नव्हतो रे. सकाळी अर्धी आणि निघायच्या आधी अर्धी घेतली होती. तुझं रडणं मला काचेपलीकडून दिसावं तसं दिसत होतं आणि वाटत होतं, याला एवढं काय झालंय?

आज डॉक्टरीणबाईंना सांगितलं. वाटलं, गोळी वाढवतील. त्यांनी वाढवली नाही. म्हणाल्या, हा आजार नाही काका, याला औषध नको. मी विचारलं, मग काय करू? तर म्हणाल्या, अशा वेळी घरात माणसं असतात. कोणी आहे का?

मी हो म्हटलं. मग बाहेर येऊन बाकावर बसलो.

तिच्यासाठी रडणारी सगळी माणसं केव्हाच रडून मोकळी झाली. तूही झाला असशील. आता तिची आठवण निघाली तर लोक हसून एखादी गंमत सांगतात. मी एकटाच आज सकाळपासून तिचा कप उचलतो आणि ठेवतो. तिची चप्पल दाराजवळ नाही हे मला आज दिसलं. ती कोणी नेली, केव्हा नेली, विचारायला घरात कोणी नाही.

तुझी चौकशी संपली का माहीत नाही. संपली नसेल तर संपल्यावर, पण ये. तिला जाऊन तीन वर्षं झाली हे विसर. बातमी आत्ताच कळल्यावर माणूस असेल त्या कपड्यांत निघतो ना, तसा ये.

दादा